चार दिवसांसाठी आलेला पाहुणा

(नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात एकत्र जागा घेऊन राहणाऱ्या मुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



फळ्यावर आजचा विषय वाचून दोघी-तिघी हसल्या, ते मी पाहिलं. हुंडा, मारहाण, पोटगी यांवर बोलणाऱ्या संघटनेनं ‘खोलीवर मुक्काम ठोकणारे पाहुणे’ हा काय विषय काढला, असं वाटलं असेल. पण सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलींच्या बोलण्यात हे सारखं येतं. मुलगी आलेली असते मालक डिपॉझिट देत नाही म्हणून. बोलता बोलता कळतं, की मूळ भांडण खोलीतल्या दुसरीच्या भावावरून लागलं. तो चार दिवसांसाठी आला होता आणि पाच महिने राहिला.

‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल जाई’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण घरी ती कुणाला उद्देशून म्हटलेली कधी ऐकलीत का? पाहुणा निघून गेल्यावर आई ती स्वयंपाकघरात पुटपुटते. तोंडावर बोलायचं नाही, पोळ्या लाटायच्या आणि मागून पुटपुटायचं, हे आपलं शिक्षण. ते घेऊनच आपण शहरात येतो. दुसरी एक म्हण मला जास्त खरी वाटते: भीड भिकेची बहीण.

जागा वाटून घेऊन राहणं हे काही नवीन नाही. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात गोव्याच्या गावागावांचे कूड होते. काही आजही आहेत. गावचा माणूस बोटीवरच्या नोकरीसाठी यायचा, भिंतीशी आपली ट्रंक ठेवायचा, ठरलेली वर्गणी द्यायचा, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायचा. गिरणगावात एकेका खोलीत कितीतरी गिरणी कामगार राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीनं झोपायचे, आणि जेवायचे खानावळवाल्या बाईकडे. या खानावळवाल्या बायकांना संघटित करूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मला यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. त्या पुरुषांच्या खोलीत एक माणूस वाढला, की खानावळीत एक ताट वाढायचं, आणि त्या ताटाचे महिन्याला पैसे पडायचे. रांधणाऱ्या बाईचं काम हिशेबात धरलेलं होतं, म्हणून जास्तीचा माणूसही हिशेबात यायचा. मुलींच्या खोलीत मात्र रांधणं हिशेबात धरलेलंच नसतं. मग पाहुणा कुठून मोजला जाणार?

आता त्या भावाचंच घेऊ. तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आला. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली, पण खोली परवडेना. बहीण म्हणाली, “निकाल लागेपर्यंत राहू दे.” कुठल्या परीक्षेचा निकाल, ते कुणी विचारलं नाही. तो मुलगा वाईट नव्हता, हे तिघीही सांगत होत्या. कुणाकडे वाकड्या नजरेनं पाहायचा नाही, मोठ्यानं बोलायचा नाही. पण तो हॉलमध्ये झोपायचा, म्हणून पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या मुलीला अंधारात चाचपडत आवरावं लागायचं. मॅक्सीवर घरभर फिरणं बंद झालं. बाथरूममध्ये वाळत घातलेले आतले कपडे खोलीत दारामागे गेले. सिलिंडर लवकर संपू लागला. विजेचं बिल नुसतं वाढलं नाही. १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दरच चढा लागतो, त्या टप्प्यात ते गेलं. आणि दुपारी तो एकटाच घरी असे, तेव्हा जी लवकर परतेल ती त्याला चहा टाकून देई. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप पातेल्याकडे जायचा.

म्हणजे तीन मुली घर सोडून आल्या, स्वतःच्या पगारावर जागा घेतली, आणि पाच महिन्यांत त्या जागेचं पुन्हा घर झालं. तेच घर, जिथं पुरुष अभ्यास करतो आणि बाकीच्या पावलांचा आवाज न करता वावरतात. भावाच्या जागी मित्र असला, तर आणखी एक गाठ पडते. बोलणाऱ्या मुलीला “तुला जळफळाट होतोय” किंवा “तू काय माझी आई आहेस का?” असं ऐकावं लागतं. कुणाचं कुणावर प्रेम आहे याच्याशी इतरांना काही घेणं नाही. महिनाभर रोज सकाळी संडासाबाहेर कोण थांबतं, याच्याशी आहे.

आता कागदाकडे वळू. इथं बऱ्याच जणींच्या पायाखाली जमीन नसते, आणि ते त्यांना ठाऊकही नसतं. तुम्ही राहता ते बहुधा लीव्ह अँड लायसन्सवर. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्यातून जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. करारावर नावं कुणाची आहेत ते आज घरी जाऊन बघा. पुष्कळदा एकीचंच असतं. बाकीच्या दोघी तिला पैसे देतात आणि राहतात. अशा वेळी त्या दोघींची कागदावरची जागा त्या भावापेक्षा फारशी वेगळी नाही. तोही तिच्या परवानगीनं राहतो, आणि त्याही. उद्या चौकीवर गेलात आणि हवालदारानं विचारलं, “बाई, तुम्ही इथं कोण?”, तर दाखवणार काय? म्हणून पहिलं काम हे, की राहणाऱ्या सगळ्यांची नावं करारात घाला. एका करारात अनेक जणी येऊ शकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं सक्तीचं आहे. ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, तुमच्यावर नाही. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही’ हे एजंटचं म्हणणं आपल्या राज्यात चालत नाही.

मालक पाहुण्याच्या नावानं एवढा बिथरतो का, यालाही इतिहास आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं व जागा ज्यांच्या ताब्यात होती, ते भाडेकरू मानले गेले. कितीतरी लोकांच्या डोक्यावर छप्पर टिकलं, ते या दुरुस्तीमुळे. पण तेव्हापासून ‘राहायला दिलं की जागा गेली’ ही धास्ती घरमालकांच्या डोक्यात बसली ती बसलीच. कायदा आता तसा नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर सोडेपर्यंत दुप्पट रक्कम भरावी लागते. यातली मेख लक्षात घ्या. जागा परत द्यायची ती रिकामी. तुम्ही तिघी सामान घेऊन निघालात आणि तो भाऊ ‘माझी मुख्य परीक्षा आहे’ म्हणत बसून राहिला, तर तुम्ही जागा सोडली असं मालक मानणार नाही, आणि डिपॉझिट अडकेल तुमचं.

बरेच दिवस राहिलं म्हणून पाहुण्याचा हक्क लागतो, ही भीतीही पुष्कळ जणींना असते. गोव्यातला एका बहीण-भावाचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस विरुद्ध इरास्मो जॅक दि सिक्वेरा, निकाल २०१२ चा. घर बहिणीचं, राहत होता भाऊ. न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, की परवानगीनं, फुकट राहणारा माणूस किंवा राखणदार कितीही वर्षं राहिला, तरी त्या जागेत त्याचा हितसंबंध तयार होत नाही. बहिणीच्या बाजूनं निकाल लागला खरा, पण त्यासाठी तिला दिल्लीपर्यंत जावं लागलं. तेव्हा कायदा आपल्या बाजूनं आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. सामान बाहेर फेकणं, कुलूप बदलणं असल्या फंदात पडू नका. त्यातून उलटी तक्रार होते. पण जा म्हटल्यावरही जो दमदाटी करायला, अपमान करायला किंवा त्रास द्यायला घरात ठाण मांडतो, तो आत येताना रीतसर आला होता, म्हणून सुटत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ अशा राहण्यालाही अतिक्रमण मानतं. धोका वाटला तर ११२ फिरवा.

एवढं टोक बहुतेक वेळा येत नाही. आलं तर त्याच्या आधी कित्येक महिने कुणीच काही बोललेलं नसतं. म्हणून बोलायचं केव्हा, तर पाहुणा यायच्या आधी. “माझा भाऊ येतोय” ही सूचना झाली. “माझा भाऊ आला तर चालेल का, आणि किती तारखेपर्यंत?” असं विचारलं, तर बाकीच्यांना उत्तर द्यायला जागा राहते. तारीख सांगायची, ‘थोडे दिवस’ नाही. ज्यांच्या झोपेवर आणि बाथरूमवर त्याचा बोजा पडणार, त्या प्रत्येकीचा होकार हवा, आणि नकाराचं कारण तिनं द्यायला हवंच असं नाही. आठवड्याच्या वर राहणार असेल, तर गॅस-वीज-किराण्यात त्याचा वाटा लावायचा. पाहुणा पुरुष असला तर भांडी आणि केरवारा त्यानंच करायचा. हे मी विनोदानं म्हणत नाही. घासाव्या लागणाऱ्या भांड्यांनी पाहुण्यांचे मुक्काम आटोपते झालेले मी पाहिले आहेत.

आणि बोलायचं ते त्या पाहुण्याशी नाही, जिनं त्याला आणलं तिच्याशी. ती मधल्या मध्ये चेपलेली असते. “भावाला निघायला सांगितलं” हे गावाकडे कळलं, तर आई फोनवर रडणार हे तिला माहीत असतं. तिला एकटीला पुढे करू नका. “आम्ही तिघींनी ठरवलंय” असं तिला घरी सांगता येऊ द्या. तेवढ्या आधारानं पुष्कळ मुली बोलत्या होतात.

मालकाला किंवा सोसायटीच्या चेअरमनला सांगून पाहुणा घालवायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर तो शेवटचा उपाय, आणि वाईट उपाय. तुम्ही तक्रार कराल विजेच्या बिलाची. चेअरमन ऐकेल ते एवढंच, की मुलींच्या फ्लॅटवर पुरुष राहतो. भाऊ होता की मित्र, हे तो विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या वहीत तुमच्या सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या जातील, आणि पुढच्या महिन्यात ‘फॅमिलीलाच देणार’ अशी पाटी लागेल. आपल्यातलं भांडण मिटवायला आपण त्यांच्या हाती जी काठी देतो, ती आपल्याच पाठीत बसते.

आता ज्या पाहुणीबद्दल बोलायला मला सगळ्यात अवघड जातं, तिच्याबद्दल. खोलीतल्या एकीची मोठी बहीण रात्री एक पिशवी घेऊन येते. सोबत कधी मूलही असतं. नवऱ्यानं मारलं आहे, माहेरी परत पाठवतील म्हणून ती तिकडे गेलेली नाही. तिला कुणी तारीख विचारत नाही, आणि त्या रात्री विचारूही नये. पण दोन महिने उलटतात. खोलीत दाटी होते, मूल रडतं, रात्रपाळी करून आलेलीची झोप मोडते. कुणी बोललं तर ती बाईविरोधी ठरते, न बोललं तर मनातल्या मनात धुमसते. शेवटी एक दिवस चहाच्या कपावरून काहीतरी होतं आणि ती बहीण नवऱ्याकडे परत जाते. आपल्याला वाटतं तिनं मिटवून घेतलं. खरं तर तिला तिथं राहणं नकोसं झालेलं असतं.

इथं आपल्या घरातली दाटी कमी करायची आणि तिला परत लोटायचं नाही, असा मार्ग आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर तिच्या नावावर असो वा नसो, सासरच्या घरात राहण्याचा तिचा हक्क हा कायदा मानतो. तिला तिथं राहायचं नसेल, तर कलम १९ खाली ती नवऱ्याकडून तशीच दुसरी जागा किंवा त्या जागेचं भाडं मागू शकते. भाडं मागता येतं, हे किती बायकांना माहीत असतं? शिवाय अर्ज सासरच्याच गावी करावा लागतो असं नाही. ती तात्पुरती जिथं राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तो करता येतो. म्हणजे तुमच्या खोलीचा पत्ता तिच्या उपयोगाचा आहे, आणि अर्ज चालू असताना तिला तिथून हलायला लावलं, तर तिच्याच अडचणी वाढतात. वकिलाच्या फीची काळजी नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते.

तेव्हा तिच्याशी बोलायचं ते ‘कधी जाणार?’ असं नाही. पहिल्या आठवड्यात तिच्याबरोबर कचेरीत जायचं. लग्नाचा पुरावा, दवाखान्याचे कागद, मुलाचा जन्मदाखला, जे हाताशी असेल ते एका पिशवीत ठेवायचं. मग तिच्यासह सगळ्यांनी बसून ठरवायचं, की अर्जाची पहिली तारीख होईपर्यंत ती इथं आहे, आणि त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बसू. मुलाला कोणत्या खोलीत झोपवायचं, रात्रपाळीवालीनं दुपारी कुठं झोपायचं, तेही त्याच बैठकीत. आणि मालकाला सांगायचं झालंच, तर ‘बहीण आली आहे, कोर्टाचं काम आहे’ एवढं पुरे. मारहाणीची हकीकत सांगायची की नाही ते तिला ठरवू द्या.