१७ सप्टेंबर आणि आपण



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या शहरात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते आणि आपल्यातले बरेच जण त्या दिवशी गप्प बसतात. का? तर 'रझाकार म्हणजे मुसलमान' हे समीकरण आपणही मनातून मान्य केले आहे. मग शोएबुल्लाह खान कोण होते? 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे ते निर्भीडपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यापायी त्यांचा खून झाला.

रझाकारांचा जुलूम खरा आहे. तो नाकारू नका. पोलीस ॲक्शननंतर सामान्य मुसलमानांवर जे गुदरले, तेही खरेच. नेहरूंच्या सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, नांदेड हे सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांपैकी. तो अहवाल मात्र कित्येक दशके दडून राहिला.

आणि निझामाचे राज्य एका घराण्याचे होते हो, आपल्या विणकराचे किंवा शेतमजुराचे नव्हे! उर्दू ही राज्यभाषा गेल्यावर उर्दूत शिकलेल्यांच्या नोकऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न आजच्या मागासलेपणावर बोलताना कोणी विचारतो का?

घरातल्या थोरल्यांना विचारा. गावाचे नाव आणि साल घालून लिहून ठेवा.