कॅमेरा निवडताना



वर्धापनदिनी पाककृतीवर किंवा आरोग्यावर बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. मी कॅमेऱ्यावर बोलणार म्हटल्यावर काहीजणींना हसू आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण मडके वाजवून घ्यायला शाळा लागत नाही, आणि कॅमेरा ही देखील शेवटी एक वस्तूच आहे.

आपली सहल पुढल्या महिन्यात आक्षीला व फणसाडला जाणार आहे. माझी धाकटी सोबत येईल. तिला पक्ष्यांची छायाचित्रे काढायची आहेत. थोरल्याची मोटारसायकल आली तेव्हा घरात ‘कशाला?’ असे कुणी विचारले नाही. मुलीच्या कॅमेऱ्याला मात्र सगळ्यांनी विचारले. मी म्हटले, कशाला ते राहू द्या, कसा घ्यावा ते पाहू.

आधी काय टिपायचे ते ठरवावे. आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव आणि चिखले येतात. माणूस जवळ गेला की ते उडतात. म्हणून दूरचे जवळ आणणारी लेन्स हवी, निदान ३०० मिलिमीटरची. उडता पक्षी स्पष्ट यायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटले पाहिजे. फणसाडचे तसे नाही. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान. १९८६ साली ते अभयारण्य झाले. तिथे शेकरू उंच फांद्यांत असते आणि झाडीत उजेड कमी. कमी उजेडात चालणाऱ्या मोठ्या लेन्सा महाग आणि जड असतात.

१५० ते ६०० मिलिमीटरची एक लेन्सच सुमारे दोन किलो भरते. मी धाकटीच्या गळ्यात दोन किलो तांदळाची पिशवी अडकवली आणि तिला किनाऱ्यावर तासभर चालवले. परत येऊन ती आपणच म्हणाली, “आई, हलका पाहू.” तेव्हा लेन्स कायमची जोडलेला कॅमेरा ठरला. असा कॅमेरा किलोभराचा असतो. झाडीतल्या अंधारात तो थोडा कमी पडतो. पण वाळूत लेन्स बदलावी लागत नाही, हा आपल्या किनाऱ्यावर मोठा फायदा.

वापरलेला घ्यायचा असेल तर लेन्स उजेडाकडे धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी आणि परत द्यावा. आम्ही दोन परत दिले, तिसरा घेतला. पैसे माझ्या भिशीचे आणि तिच्या शिकवण्यांचे. चार दिवसांनी आमच्या ह्यांनी काही न बोलता मेमरी कार्ड आणून टेबलावर ठेवले.

खारा वारा लागल्यावर कॅमेरा आधी फुंकणीने झाडावा, मग मऊ फडक्याने पुसावा. वाळूसकट पुसला तर काचेला ओरखडे पडतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. तिकाटणे नसले तरी चालते. तांदूळ भरलेली कापडी पिशवी दगडावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला की हात हलत नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. घरट्याजवळ जाऊ नये. दिवेआगर, हरिहरेश्वरकडे कासवांची पिल्ले पाहायला गेलात तर फ्लॅश अजिबात उडवू नये. पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात. खोट्या उजेडाने ती समुद्राची वाट चुकतात. आपल्या एका चित्रापायी कुणाचा जीव जाऊ नये.

आपल्या किहीमला सलीम अली यांनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन आतबाहेर तपासते, आणि तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो, असे त्यांना दिसले. बायांनो, एवढीशी पाखरीण पारखून घेते. मग दुकानात ‘ताई, तुम्हाला यातले कळणार नाही’ असे कुणी म्हटले तर आपण का उठून यावे? बसावे, हातात घेऊन पाहावे, चार प्रश्न विचारावेत. आपल्या मुलींनाही तेच शिकवावे.