खोली तिघींची, मुक्काम चौथ्याचा



आपल्या वरोर, चिंचणी, तलासरीकडच्या कितीतरी मुली तारापूर एमआयडीसीत कामाला आहेत. शिफ्टमुळे रोज घर गाठता येत नाही, म्हणून दोघी-तिघी मिळून बोईसरला खोली घेतात. मग एकीचा मित्र येऊ लागतो. आधी शनिवारी, पुढे आठवड्यातून चार-चार रात्री. बाकीच्यांना कपडे बदलायची चोरी, रात्रपाळी करून आल्यावर झोप नाही. घरी सांगावं, तर "नोकरी सोड, परत ये" म्हणतील. म्हणून मुलगी गप्प राहते.

गप्प राहू नका. पण तिच्या प्रेमाबद्दल बोलू नका, खोलीबद्दल बोला. तो नसताना, निवांतपणी सांगा, "तो भेटायला येतो त्याचं काही नाही गं, पण रात्रीचा मुक्काम नको."

बचत गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी. यातली बैठक आणि नोंद खोलीतही चालते. महिन्यातून एकदा बसा. पाहुणा किती रात्री राहील, गॅस-लाइटबिलात कोणाचा किती वाटा, ते वहीत लिहून सह्या करा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. त्यात तुमचं नाव आहे का, तेही बघा. नसेल तर घालून घ्या.

त्याची भीती वाटत असेल, तर मात्र समजावत बसू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

आणि आयांनो, लेकीचा असा फोन आला तर आधी ऐकून घ्या. दुसऱ्याच्या मुक्कामापायी तिची नोकरी जाऊ देऊ नका.