बदललेले माणूस



वसंतातल्या अशा प्रसन्न संध्याकाळी भयकथांचा विषय घेऊन उभा राहणारा वक्ता आपल्याला काहीसा अरसिक वाटेल. पण भयकथा ही केवळ झोप उडवण्यासाठी सांगितलेली गोष्ट नसते. एखादा समाज कशाला भितो हे कळले, की तो कशाला जिवापाड जपतो हेही कळते. म्हणून आज आपल्याला आयर्लंडात न्यायचे मी योजले आहे. परतताना आपल्या खिशातल्या यंत्रापाशी क्षणभर थांबू.

आयर्लंडच्या लोककथांत 'शी' नावाची एक अदृश्य सृष्टी आहे. पंखांच्या चिमुकल्या पऱ्या डोळ्यांपुढे आणू नका. ही मंडळी मानी आणि चटकन रागावणारी. शेताशेतांतून दिसणाऱ्या मातीच्या जुन्या वर्तुळाकार गढ्या ही त्यांची घरे. त्यांचे नाव उघड घ्यायचे नाही, 'भली माणसे' म्हणायचे. त्यांचे म्हणून ओळखले जाणारे हॉथॉर्नचे एकाकी झाड तोडायचे नाही. रात्री ओळखीच्याच शेतातून जाताना भलत्या ढेकळावर पाय पडला, तर माणूस पहाटेपर्यंत तिथल्या तिथे फिरत राहतो. आपण याला चकवा म्हणतो. त्यावर तिकडचा उतारा मोठा मजेदार आहे: अंगातला कोट उलटा करून घालायचा, की वाट सापडते!

पण या साऱ्या भयांत एक भय सर्वांहून दारुण आहे. ही भली माणसे घरातले मूल किंवा तरुण स्त्री पळवून नेतात आणि तिच्या जागी हुबेहूब तसेच काहीतरी ठेवून जातात. चेहरा तोच, आवाज तोच, माणूस मात्र ते नव्हे. बॅन्शीचा आक्रोश निदान घराबाहेरून तरी ऐकू येतो. हे भय आपल्याच चुलीपाशी बसलेले असते, आपल्या ताटात जेवते.

ही केवळ गोष्ट राहिली असती तर किती बरे झाले असते! टिपररी परगण्यातल्या बॅलिव्हॅडली या खेड्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुणी राहत असे. ती हुन्नरी होती, कपडे शिवून पैसे मिळवी, घरात शिवणयंत्र होते. तिचा नवरा मायकेल पिपे बनवणारा कसबी कारागीर. 1895 च्या मार्चमध्ये ती आजारी पडली. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले, धर्मगुरूही येऊन गेले. तरी नवऱ्याच्या मनाने घेतले, की अंथरुणावर पडलेली ही आपली बायको नव्हेच. नातेवाइकांनी तिला दाबून धरून कडू पाला पाजला. 'तू ब्रिजेटच आहेस का, देवाशपथ सांग,' असे पुनःपुन्हा विचारले. ती 'होय' म्हणाली, पण त्या 'होय'ला आता किंमत उरली नव्हती. 15 मार्चच्या रात्री नवऱ्याने दिव्याचे तेल ओतून तिला जाळले. घरात तिची माणसे होती. त्यानंतर तो जवळच्या गढीवर जाऊन वाट पाहत बसला, की खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल. आले ते पोलीस. न्यायालयाने त्याला 20 वर्षांची शिक्षा दिली.

हा सारा अंधाराचा आणि अडाणीपणाचा दोष, असे आपण म्हणाल. आयर्लंडच्या खेड्यांत वीज नेण्याची मोठी योजना 1946 साली सुरू झाली. दिवे आले आणि भुते गेली, असे तिकडे गमतीने म्हणतात. पण या घरात पुन्हा एकदा डोकावून पाहा. शिवणयंत्र होते, डॉक्टरांचे औषध होते, दिवाही होता, आणि त्याच दिव्याच्या तेलाने घात केला. उणीव उजेडाची नव्हती. समोरचे माणूस स्वतःविषयी जे सांगते त्यापेक्षा दुसऱ्याच कशाची साक्ष मोठी मानायची, हे आधीच ठरून गेले होते. अनर्थाचे मूळ तिथे आहे.

आणि ते मूळ यंत्रयुगात जळून गेलेले नाही. ब्रिटनमध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये डाकघरांना 1999 पासून 'होरायझन' नावाची संगणकव्यवस्था देण्यात आली. पडद्यावर हिशेबात तूट दिसू लागली. डाकघर चालवणारी माणसे सांगत होती, की आम्ही पैसा घेतलेला नाही. वर्षानुवर्षे गावाने ज्यांच्या हाती विश्वासाने पैसे दिले, अशी ही माणसे. त्यांचे कोणी ऐकेना, कारण यंत्र चुकत नाही अशी सर्वांची श्रद्धा! 2015 पर्यंत 900 हून अधिक जण दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरेदारे गेली. यंत्रणेतच दोष होते, असा निकाल उच्च न्यायालयाने 2019 साली दिला. 2024 साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. श्रोतेहो, बॅलिव्हॅडलीत गढी बोलली, इथे पडदा बोलला. माणसाच्या 'नाही'ला मात्र दोन्ही ठिकाणी किंमत नव्हती.

म्हणूनच की काय, आयर्लंडात घडणाऱ्या नव्या भयपटांत ही जुनी सृष्टी पुन्हा अवतरली आहे. 2019 च्या 'द होल इन द ग्राउंड' मध्ये एका आईला आपला मुलगा आपला वाटेनासा होतो. 2024 च्या 'द वॉचर्स' मध्ये रानात मोटार बंद पडते, फोन निकामी होतो आणि नायिका काचेच्या भिंतीच्या एका खोलीत अडकते. बाहेरचे अदृश्य प्राणी रोज रात्री आतल्या माणसांना न्याहाळतात, त्यांची नक्कल करायला शिकतात. ही निव्वळ कल्पना म्हणून सोडून देता येईल का? काही क्षणांच्या ध्वनिमुद्रणावरून आपल्या मुलाच्या आवाजाची हुबेहूब प्रतिकृती आज यंत्राला करता येते. 'बाबा, संकटात आहे, पैसे पाठवा' म्हणणारा फोनवरचा आवाज त्याचाच असेल याची खात्री उरलेली नाही. बदललेले माणूस आता बाजारात मिळते.

मग करायचे काय? याचेही उत्तर त्याच लोककथांत आहे. क्रॉफ्टन क्रोकर यांनी 1825 साली छापलेल्या संग्रहात एक गोष्ट आहे. एका आईला पाळण्यातले मूल बदलल्याचा संशय येतो. शहाणी बाई तिला सांगते, मुलादेखत अंड्यांची टरफले उकळत ठेव. ती तसे करते. पाळण्यातला तो इवला जीव न राहवून बोलून जातो, की पंधराशे वर्षांच्या आयुष्यात टरफलांचे असले पेय मी पाहिले नाही! सोंग उघडे पडते. आई तापलेली सळई घेऊन धावते, वाटेत पाय घसरून पडते, सळई हातातून निसटते. उठून पाहते तो पाळण्यात तिचे स्वतःचे बाळ शांत झोपलेले.

लोकांनी ही गोष्ट सांगताना त्या आईला पाडले, याबद्दल मला त्यांचे फार कौतुक वाटते. परीक्षा जरूर घ्यावी, आवाजाला भुलू नये. फोन ठेवून आपण उलट फोन करावा, घरच्यालाच ठाऊक असेल असा प्रश्न विचारावा. टरफले उकळायला फारसा वेळ लागत नाही. परंतु गढी काहीही सांगो, पडदा काहीही दाखवो, हातात सळई असताना पाळण्याकडे धावू नये. आपले माणूस ओळखण्याचे काम आपले आहे, ते दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.