कच्चा फोटो, पक्का फोटो



चालकांनी विषय विचारला तेव्हा मी कामगार चळवळीवरच बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हणालो, कॅमेऱ्यातला कच्चा फोटो जेपेगमध्ये उतरवायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, यावर बोलतो. ते हसले. पण आपल्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत आठ तास यंत्रावर उभे राहून लग्नसराईत गळ्यात कॅमेरा अडकवणारी मुले थोडीथोडकी नाहीत, आणि हा प्रश्न तीच मला विचारतात. शिवाय या प्रकरणात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात प्रेसवर एका पोराची दोन बोटे गेली. यंत्राच्या तोंडाशी जाळी नव्हती. असा आडोसा हवाच, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे २१ वे कलम सांगत होते. आमच्या एका सभासदाने आपल्या लग्नाच्या कॅमेऱ्याने त्या यंत्राचा फोटो घेतला, कच्चा. घाईघाईने त्याचा जेपेग केला, व्हॉट्सअॅपवर मला धाडला, आणि कार्डावर जागा हवी म्हणून मूळ पुसू का, असे विचारले. पूस म्हणणारा मीच. पुढे चौकशीत समोरच्या बाजूने विचारले, हे कोणते यंत्र? पट्टीवरचा नंबर वाचून दाखवा. पट्टी दिसत होती. नंबराच्या जागी चौकोनी ठिगळे होती. फोटो कधीचा? फाइलमधली तारीखही वाटेत गळून पडलेली. फोटो बाजूला ठेवला गेला. पोराला भरपाई मिळाली ती सोबत्यांच्या साक्षीवर, आणि फार उशिरा.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. शाळा माझी लवकर सुटली, त्यामुळे जे कळले ते विचारून आणि करून पाहून.

कच्चा फोटो हा मुळी फोटोच नव्हे. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड पडला, त्याची ती खतावणी असते. दर ठिपक्याला १४ बिट म्हणजे उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये एका रंगाला पायऱ्या अवघ्या २५६. दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांची ही खतावणी न दाबता ठेवली तर ४२ मेगाबाइट भरते. म्हणून ती आटवावी लागते. आटवण्यामागचे गणित बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. त्याआधी त्यांनी अमेरिकेत या कामासाठी अनुदान मागितले होते, ते नाकारले गेले! १९९२ च्या जेपेगचा पाया हेच गणित आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून द्यायचा. माझ्या फोटोतली ठिगळे ती हीच. दूध आटवून खवा होतो, खव्याचे दूध होत नाही. आणि जेपेग पुन्हा पुन्हा आटवला की दर वेळी आणखी काही जाते.

आता सॉफ्टवेअर. अॅडोबीचे लाइटरूम २००७ साली आले. एकदाच पैसे देऊन कायमची घेता येणारी त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची, त्यानंतर भाडे. हप्ता थांबला की फोटो सुधारण्याचा विभाग बंद. एका लग्नाचे दीड हजार फोटो दोन रात्रींत द्यायचे असतील तर ते हाताला सोपे आहे, हे मी नाकारत नाही. ज्याचा धंदा चालतो त्याने खुशाल भाडे भरावे. पण जो वर्षातून चारच लग्ने करतो, त्याने रिकाम्या महिन्यांत हत्याराचे भाडे का भरावे? कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचे एनएक्स स्टुडिओ फुकट मिळतात, मात्र ती आपापल्या घरच्याच फाइली ओळखतात. डेव्ह कॉफिन या माणसाने १९९७ पासून डीसीरॉ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहून नाना कंपन्यांच्या कच्च्या फाइली उघडून दाखवल्या आणि तो सर्वांना खुला ठेवला. त्याच खुल्या वाटेवर पुढे २००९ पासून डार्कटेबल वाढले आणि २०१० साली रॉथेरपीही खुली झाली. डार्कटेबल पहिले आठ दिवस रडवते, पण एकदा बसवलेली घडी शंभर फोटोंना एकदम लावता येते. मूळ फाइलीला दोन्ही हात लावत नाहीत. आपले फेरफार शेजारच्या लहानशा फाइलीत लिहून ठेवतात. माझी पसंती यांनाच.

कोणतेही घ्या, काढताना दर्जाचा आकडा नव्वदच्या वर ठेवा (हा आकडा दर सॉफ्टवेअरमध्ये सारखा नसतो, हेही ध्यानात असू द्या), रंगासाठी एसआरजीबी निवडा, आणि तारीख-कॅमेऱ्याची माहिती फाइलीत राहते ना, ते पाहा. काही झटपट साधने कच्च्या फाइलीच्या पोटात कॅमेऱ्यानेच ठेवलेला जेपेग नुसता उपसून देतात. वऱ्हाडी मंडळींना लगोलग दाखवायला तो पुरतो. त्याला रूपांतर मात्र म्हणू नये.

पुराव्याचे फोटो असतील तर गोष्ट वेगळी. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात, १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की यंत्रातल्या नोंदीची नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलीचा हॅशही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलीचा अंगठाच समजा. एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. तेव्हा अशी कच्ची फाइल कार्डावर तशीच ठेवा, कार्ड पाकिटात घाला, पाकिटावर तारीख टाका. कार्डाची किंमत एका दिवसाच्या मजुरीहून जास्त नाही.

आमच्या कचेरीतल्या संगणकावर डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही बसवली आहेत. ज्याला हात लावून पाहायचे असेल त्याने रविवारी सकाळी यावे. येताना कार्ड आणावे. कृपा करून पुसून आणू नये.