‘जर’ आणि ‘तर’

‘जर पाऊस पडला, तर रस्ता ओला होतो.’ या साध्या वाक्यात ‘जर’चा भाग हे पूर्वांग आणि ‘तर’चा भाग हे उत्तरांग होय. पाऊस पडला असे ठाऊक असेल, तर रस्ता ओला आहे, असा निष्कर्ष काढता येतो. रस्ता कोरडा असेल, तर पाऊस पडलेला नाही, हा निष्कर्षही तितकाच निर्दोष आहे. परंतु रस्ता ओला दिसला, एवढ्यावरून पाऊस पडला असे ठरत नाही. कोलकात्यात गंगेच्या पाण्याने रस्ते धुण्याची रीत जुनी. तेथे भर उन्हाळ्यातही सकाळी रस्ता ओला आढळावा! त्याच कारणास्तव, पाऊस पडला नाही म्हणून रस्ता कोरडाच असला पाहिजे, हेही अनुमान सदोष ठरते.

हा भेद तर्कशास्त्राच्या वर्गापुरता नाही. १८९८ साली याच नगरीत एका मोठ्या शोधाची मदार त्यावर होती. डॉ. रोनाल्ड रॉस तेथे हिवतापाच्या प्रसाराचा मार्ग शोधीत होते. चिमण्यांनाही हिवतापाच्याच जातीचा एक रोग होतो. रोगी चिमण्यांचे रक्त प्यालेल्या डासांच्या जठरात त्यांना काळसर कण असलेल्या पेशी दिसल्या. रोगजंतू डासात वाढत असतील, तर अशा पेशी दिसतील, हे खरे. पण त्या दिसल्या म्हणून जंतूच वाढले असे मानणे, म्हणजे ओला रस्ता पाहून पाऊस ठरविणे होय. त्या पेशी डासांच्या स्वतःच्याही असू शकत होत्या.

रॉस यांनी तीन चिमण्या घेतल्या : एक निरोगी, दुसरीच्या रक्तात जंतू बेताचे, तिसरीच्या रक्तात विपुल. प्रत्येकीवर पोसलेले दहा-दहा डास तपासले. पहिल्या गटात अशी एकही पेशी निघाली नाही. दुसऱ्यात सुमारे तीनशे आणि तिसऱ्यात सुमारे एक हजार निघाल्या. त्या डासांच्या स्वतःच्या असत्या, तर पहिल्या गटातही आढळल्या असत्या. तेथे त्या आढळल्या नाहीत; म्हणून ती शंका फिटली. पुढे जुलैमध्ये जंतू डासांच्या लाळग्रंथींत सापडले, आणि अशा डासांच्या दंशाने निरोगी चिमण्या रोगी झाल्या. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हिवताप असला, तर ताप येतो. पण ताप डेंग्यूनेही येतो. रक्त तपासल्यावाचून औषध सुरू करणारा मनुष्य उत्तरांगावरून पूर्वांगाकडे उडी घेत असतो, आणि अशा उडीची किंमत कधी कधी प्राणाने मोजावी लागते.