वावराची खबर द्यावी का?



मिहान आलं, समृद्धी महामार्ग झाला, तशा नागपूरच्या आजूबाजूच्या गावांत जमीन पाहणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या. परवा बचत गटातल्या एका ताईंनी विचारलं, “एक जण म्हणतो, गावात कोणाला वावर विकायचं आहे तेवढं सांगा, सौदा झाला की दहा हजार देतो. घ्यावे का? गुन्हा तर नाही ना?”

ताई, कोणाचं वावर विकायला आहे एवढं सांगणं गुन्हा नाही. पण पैसे घेऊन घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून दिली, की ती दलाली झाली. लेआउटमधला प्लॉट असेल तर २०१६ चा रेरा कायदा आहे. ५०० चौरस मीटरहून मोठा लेआउट महारेराकडे नोंदवावा लागतो, आणि त्यातले प्लॉट विकून देणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर दिवसाला १० हजार रुपये दंड आहे. तो प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. “मी फक्त ओळख करून दिली” म्हणून सुटका नाही. ओळख करून देणं हेच कायद्यानं एजंटचं काम आहे.

नुसत्या शेतीच्या वावराला रेरा लागत नाही. पण शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणून गाडीतून उतरणाऱ्याला आधी विचारा, “तुमच्या नावावर सातबारा आहे का?”

आता हिशेब. दहा हजार कधी? सौदा झाल्यावर. नाव एकदा कळलं की तो माणूस थेट त्या घरी जाईल, मग तुम्हाला कोण विचारतो? ठरलेलं आधी कागदावर घ्या. बयाण्याची रक्कम तर आपल्या हातात कधीच घेऊ नका. सौदा फिसकटला की लोक तुमच्याच दारात येतील.

आणखी एक. वावर विकायला कोण काढतं? ज्या घरात दवाखाना आहे, कर्ज आहे. हे आपल्याला कसं कळतं? ती बाई विश्वासानं गटात बोलते म्हणून. तेव्हा आधी तिला विचारा, “तुझं नाव सांगू का?” तिला सांगा, दुय्यम निबंधक कार्यालयात सरकारी भाव कळतो, तो पाहिल्याशिवाय बोलणी नको. वडिलोपार्जित वावर असेल तर मुलींचाही मुलांइतकाच वाटा आहे. त्यांना डावलून सौदा केला तर पुढे कोर्ट लागतं.

त्या ताईंनी शेजारणीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, “विकायचं नाही गं, यंदा कोणी ठेक्यानं केलं तर पाहिजे.” करणारा गावातच मिळाला. ताईंना दहा हजार मिळाले नाहीत. शेजारणीचं वावर मात्र तिच्याच नावावर राहिलं.

तुमच्या गटात यावर बोला.